आधी मनगट धर

ड्युटी बदलायची वेळ होती. सुटलेल्या नर्सेस घरी जात नव्हत्या आणि आलेल्या वॉर्डात जात नव्हत्या. सगळ्या जणी विश्रांतीच्या खोलीत एका मोबाइलभोवती कोंडाळं करून उभ्या होत्या.

"वाढला! बघा, परत वाढला!"

"अगं सरक ना, तुझं डोकं मध्ये येतंय."

"मी चहा गाळेपर्यंत एवढा वाढला? बाई गं!"

मला आधी वाटलं, काचेच्या पेटीत ठेवलेल्या एखाद्या बाळाचं वजन वाढलं असावं. आमच्याकडे एवढा आनंद तेवढ्यासाठीच होतो. पुढे होऊन पाहिलं, तर मोबाइलच्या पडद्यावर एक हिरवी रेघ चढत होती आणि तिच्याखालचा आकडा क्षणाक्षणाला फुगत होता. मोबाइल माझ्या ताईचा होता.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, मोठ्या वॉर्डाची इन्चार्ज. ती वॉर्डात शिरली की पेशंटसुद्धा सरळ झोपायचे. मी त्याच हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत शिकवते. माझ्या खोलीत प्लास्टिकच्या बाहुल्या आहेत, मुली त्यांच्यावर सुया टोचायला शिकतात. ताईच्या मते ते काही खरं काम नव्हे.

"छोटे, ये, बघ," ताई म्हणाली. "गुरुसरांचा चमत्कार बघ."

गुरुसरांना कुणी पाहिलेलं नव्हतं. ते शेअर बाजाराच्या एका मोबाइल ग्रुपवर रोज सकाळी प्रकट होत. अंगारा नाही, धुपारा नाही, दाढीही नाही. कोट घातलेला एक फोटो आणि मधाळ आवाजातले निरोप, एवढंच त्यांचं भांडवल. ताईने मला एक निरोप ऐकवला.

"सुप्रभात, माझ्या विजेत्यांनो! जग झोपलेलं असतं तेव्हा तुमचा गुरू बाजाराची नाडी बघत असतो. मला तुमचे पैसे नकोत, मला तुमचा विश्वास हवा!"

विश्वास कुठल्या खात्यावर पाठवायचा, हे लगेच पुढच्या निरोपात होतं.

यात आम्हा नर्सेसची एक खास सवय गुरुसरांना सापडली होती. डॉक्टर फोनवरून औषध सांगतात, तेव्हा नर्स ते शब्दन् शब्द परत म्हणून दाखवते. चूक होऊ नये म्हणून तशी शिस्तच आहे. वर्षानुवर्षं ते केलं की फोनवरचा ठाम आवाज ऐकताच तोंडातून आपोआप होकार येतो. ग्रुपवर बऱ्याच नर्सेस आहेत हे कळल्यावर गुरुसरांनी ते बरोबर उचललं. "आजची ऑर्डर लिहून घ्या," ते म्हणत, "आणि परत म्हणा!" की लगेच सगळीकडून निरोप यायचे, ऑर्डर मिळाली, ऑर्डर मिळाली. त्यात निम्म्याहून जास्त नावं अनोळखी होती. पैसे दुप्पट झाल्याचं तीच सांगत आणि गुरुसरांच्या पाया पडणारी चित्रंही तीच पाठवत.

"ताई, हा माणूस राहतो कुठे? त्याची कुठे नोंदणी आहे? सरकारी यादीत नाव आहे का?"

"तुला सगळ्यातच काड्या करायच्या असतात."

"हे ॲप तरी कुठून घेतलंस?"

"त्यांनी लिंक पाठवली. छोटे, पैसे काढूनसुद्धा पाहिलेत मी. बँकेत जमा झाले. त्यातून यांच्या खुर्चीसाठी गादी आणली. ती गादी काय खोटी आहे?"

गादी खरंच होती आणि चांगली होती.

आता भावजींबद्दल, म्हणजे ताईच्या नवऱ्याबद्दल, सांगायला हवं. भावजी विजेची मीटरं वाचायचे. गल्ल्या, जिने, गच्च्या, कुणाच्या घरामागची अंधारी खोपटी, सगळीकडे पायी. सुट्टीच्या दिवशीही घरात बसणं त्यांना माहीत नव्हतं. मग पक्षाघाताने उजवी बाजू गेली आणि शब्दही जवळजवळ गेले. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तपासणीला न्यायचं म्हणजे दोन माणसं बोलावून त्यांना चाकांच्या खुर्चीसकट जिन्यावरून उतरवायचं. शेजारी दारात येऊन बघत आणि भावजी डोळे मिटून घेत. एरवी ते खिडकीपाशी असत. दुपारी तिथे थोडा वेळ ऊन यायचं. ऊन सरकलं की ताई घरी असेल तर त्यांची खुर्ची सरकवायची.

रिटायर झाल्यावर तळमजल्यावर घर घ्यायचं, हे ताईचं एकच स्वप्न होतं. तसं घर तिने हेरूनही ठेवलं होतं. दोन खोल्या, पुढे अंगण, उंबरा जवळजवळ नाहीच. दार उघडलं की भावजी डाव्या हाताने चाक ढकलत, डाव्या पायाने रेटत स्वतः बाहेर जातील. त्या घरातलं म्हातारं जोडपं मुलीकडे राहायला जाणार होतं आणि ताईसाठी थांबलं होतं. ताईने जन्मभर साठवलेलं होतं, पण थोडं कमी पडत होतं. त्या थोड्याशा फटीतून गुरुसर आत शिरले.

आमचं भांडण झालं ते तिच्या स्वयंपाकघरात. सगळी जमा तिने त्या ॲपमध्ये टाकली, हे मला तिथे कळलं.

"सगळी? ताई, सगळी?"

"हळू बोल, ते ऐकतील. गुरुसर म्हणाले, घरात आत्ताच सांगू नका, नजर लागते."

"नजर? तू वॉर्डात नजरेवर औषध देतेस का गं?"

"तू बाहुल्यांना सुया टोचतेस म्हणून तुला अक्कल आली का?" तिचा आवाज चढला. "मी मरणाच्या दारातली माणसं परत आणलीत. मला कोण फसवणार?"

मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. हुशार माणसाला फसवणं सोपं जातं. आपण फसू शकतो हे त्याच्या डोक्यातच येत नाही, म्हणून तो कडी लावत नाही. आम्ही काही दिवस एकमेकींशी बोललो नाही.

मग म्हाताऱ्या जोडप्याचा फोन आला. मुलीकडे जायचं ठरलं होतं, करार करून टाकू म्हणाले. ताईने ॲपवर पैसे काढायचं बटण दाबलं, आणि पैशांऐवजी निरोप आला. नफा मोठा असल्यामुळे आधी कर भरा, मग रक्कम सुटेल. गुरुसरांचा मधाळ आवाजही आला. "ताई, तुम्ही माझ्या लाडक्या. शेवटची पायरी आहे, इथे घाबरायचं नसतं!"

ताई माझ्या शाळेत आली. अबोला विसरून आली. "छोटे, थोडे उसने दे," ती म्हणाली. "आठवडाभरात परत करते." तिच्याबरोबर वॉर्डातली एक चष्मेवाली नर्स होती. लग्नासाठी ठेवलेले पैसे तिनेही गुरुसरांकडे दिले होते.

ओरडून काही होणार नव्हतं, ते एकदा करून झालं होतं. मी दोघींना सरावाच्या खोलीत नेलं. मोठी बाहुली खाटेवर होती, तिच्या उशाशी मॉनिटर. मी तो सुरू केला. हिरवी रेघ पळू लागली.

"ताई, वाच."

"आत्ता हे काय? मी कशाला आलेय..."

"वाच ना. एकदाच."

सवयीने तिने वाचलं. "नाडी बहात्तर. ऑक्सिजन उत्तम. पेशंट स्टेबल."

"मनगट धर."

ती हसली, पण तिने मनगट धरलं. थंड प्लास्टिक. त्यात नाडी कुठून असणार! मी माझ्या हातातला टॅब वर केला. "चष्मेवाले, नाडी किती हवी तुला?"

"शंभर?"

मी बोट फिरवलं. शंभर झाली. एकशे वीस म्हणाली, एकशे वीस झाली. मग मी बाहुलीची वायर उपटून टाकली, तरी रेघ तशीच पळत राहिली. चष्मेवालीचा हात तोंडावर गेला.

"शिकवताना मी हे असंच करते," मी म्हटलं. "मॉनिटर माझा, आकडा माझा. वायर कुणाच्याच छातीला लावलेली नाही. ताई, तुझ्या मोबाइलवरची रेघ कुणाच्या छातीला लावलीय? ॲप त्याचं, म्हणून आकडाही त्याचाच. तिकडे बसून तो बोट फिरवतो आणि इकडे तुम्ही चहा गाळता गाळता श्रीमंत होता."

ताईने मनगट सोडलं नव्हतं.

"पण मला पैसे मिळाले होते," ती म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता.

"मिळाले ना. तू दिलेल्यातलेच थोडे परत दिले, किंवा हिच्यातले तुला दिले. तेवढं त्याचं गळाला लावलेलं आमिष. पैसे पाठवलेस ती खाती दाखव."

तिने दाखवली. दर वेळी निराळं नाव. एकदा फर्निचरचा व्यापारी, एकदा कापडदुकान, एकदा कुणी बाई.

"एकच औषध रोज निराळ्या लेबलच्या बाटलीतून आलं, तर तू ते सलाइनमध्ये सोडशील?"

ती खात्यांची नावं पुन्हा वाचू लागली.

"आता त्याला एवढंच विचार. कर माझ्याच रकमेतून कापून घ्या आणि उरलेली द्या. खरी रक्कम असेल तर त्याला काय अडचण आहे?"

ताईने ते लिहिलं. उत्तरात आधी लाडीगोडी आली, मग नियम आले, मग धमकी आली, आज कर भरला नाही तर खातं गोठेल. ताईने तोच प्रश्न पुन्हा लिहिला. त्यावर तिला ग्रुपमधून काढून टाकलं. चष्मेवालीने घाईघाईने विचारलं, तिलाही काढलं. गुरुसरांनी हातावर तुरी दिल्या होत्या.

ॲप मात्र चालूच होतं. ताईच्या हातात रेघ चढत होती, आकडा फुगत होता.

"तूच शिकवलंस मला," मी म्हटलं. मला रडू येत होतं. "वॉर्डातल्या माझ्या पहिल्या दिवशी. मॉनिटर नंतर बघ, आधी मनगट धर."

ताई बाहुलीच्या खाटेवर बसली. पेशंटच्या खाटेवर कधी बसायचं नाही, हा तिचाच नियम होता.

आम्ही तिथूनच बँकेला कळवलं आणि पोलिसांकडे तक्रार केली. तिथला अधिकारी भला होता. म्हणाला, "फसल्याचं कळल्याबरोबर लगेच कळवलं तर कधी कधी पैसे वाटेत अडवता येतात. तुमचे पुढे पुढे सरकत गेलेत. प्रयत्न करू." चष्मेवालीने शेवटी पाठवलेली थोडी रक्कम एका खात्यात अडकलेली सापडली. ताईचं काही सापडलं नाही. पुढच्याच आठवड्यात तिला एक गोड आवाजाचा फोन आला. बुडालेले पैसे आम्ही परत मिळवून देतो, आधी फी भरा. ताई शांतपणे म्हणाली, "तुम्ही त्याचेच भाऊबंद," आणि फोन ठेवला.

भावजींना सांगायला मी तिच्याबरोबर जिना चढले. ते खिडकीपाशी होते, त्या नव्या गादीवर. ताईने त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. अहो, घर गेलं म्हणाली. ते ऐकत राहिले. डाव्या हाताने त्यांनी तिचं डोकं थोपटलं आणि बराच वेळ जुळवाजुळव करून एकच शब्द काढला.

"जेवलीस?"

तेव्हा ताई रडली. मी तिला जन्मात कधी तसं रडताना पाहिलं नव्हतं. मला ती गादी बघवेना. त्या सगळ्या चमत्कारातली तेवढीच एक खरी वस्तू होती, आणि तीही ताईच्याच पैशांची होती.

म्हातारं जोडपं आणखी थोडं थांबलं, मग त्यांनी घर दुसऱ्याला दिलं. ताई रिटायर झाली आणि लगेच एका खासगी दवाखान्यात कामाला लागली. पण माझ्या शाळेत दर नव्या तुकडीला ती एकदा येते. मी बोलावलं नव्हतं, तिनेच येऊ का म्हणून विचारलं. लाज वाटत नाही का, असं कुणीतरी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "मी लपवलं तर त्याचा धंदा चालेल."

परवा ती आली तेव्हा मी मागे उभी होते. तिने बाहुलीचा मॉनिटर लावला, मुलींना वाचायला लावलं, वायर उपटली आणि आपली गोष्ट सांगितली.

"मुलींनो, खात्रीने दुप्पट करून देतो म्हणणारा खोटा. घरी सांगू नका म्हणणारा खोटा. तुमचेच पैसे तुम्हाला द्यायला आधी पैसे मागणारा तर चोरच. आवाज कितीही ठाम असू दे, परत म्हणायच्या आधी विचारा. तुमचे पैसे कुठे आहेत, कुणाच्या नावावर आहेत, हे ज्याला सांगता येत नाही त्याला एक पैसा देऊ नका. आणि फसलात तर लाजून घरात बसू नका, त्याच क्षणी बोंब मारा. मी शहाणी होते, म्हणून फसले. तुम्ही प्रश्न विचारणाऱ्या व्हा."

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हळूच हात वर केला.

"सिस्टर, मग ते घर? मिळालं का शेवटी?"

ताईने मॉनिटर बंद केला.

"नाही गं," ती म्हणाली. "ते अजून वरच आहेत. तिसऱ्या मजल्यावर." तिने चादर नीट केली, बाहुलीचा हात बाहेर काढून ठेवला आणि त्या मुलीकडे पाहिलं.

"चल, ये पुढे. आधी मनगट धर."