खोटा मजला

"खिशात काय आहे, बाबा?"

"काही नाही."

"मग हे वाजतंय कशाला?"

मी डिटेक्टर पुन्हा त्यांच्या डाव्या खिशावरून फिरवला. तो पुन्हा केकाटला. बाबांनी आधी भिंतीकडे बघितलं, मग छताकडे, आणि शेवटी हॉस्पिटलच्या निळ्या पायजम्यातून एक किल्ली काढली. वीतभर लांब, टोकाला तिकोनी, सुतळीत ओवलेली. कपडे बदलताना त्यांनी घड्याळ, चष्मा, पट्टा सगळं मुकाट्यानं दिलं होतं. ही तेवढी जुन्या खिशातून नव्या खिशात आली होती.

"अरे, ती अजून आहे तुझ्याकडे?" आत्या बाकावरून म्हणाली. "रिटायर होऊन सहा वर्षं झाली तुला. ती लिफ्ट भंगारात गेली असेल."

"लिफ्ट गेली. किल्ली राहिली."

"बाबा, आत लोखंड चालत नाही. मागच्या वेळी पण सांगितलं होतं."

"मागच्या वेळी सापडली नव्हती ना," बाबा म्हणाले. आत्यानं कपाळाला हात लावला. नशीब, मागच्या वेळी ती त्यांच्या शर्टात होती आणि शर्ट बाहेर राहिला होता.

बाबांनी चौतीस वर्षं एका सात मजली कचेरीची लिफ्ट चालवली. कचेरीत त्यांना नावानं कुणी हाक मारली नाही. सगळे 'वरखाली' म्हणायचे. "वरखाली, चहा घेतलास का?" "वरखाली आज रजेवर आहे, चढा आता जिने." बाबांना त्याचं काही वाटायचं नाही, निदान घरी तरी तसं कधी दिसलं नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की बाहेरून दरवाजा उघडायला ही किल्ली लागायची, आणि ती फक्त त्यांच्याकडे असायची. अडकलेल्या माणसाशी दाराबाहेरून बोलत राहायचं, हे काम त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वी ते उलटं बोलायला लागले. "पंखा खाली कर," म्हणायचे आणि छताकडे बोट दाखवायचे. डबा खालच्या फळीवर असला तर "वरून दे." आत्या पोट धरून हसायची. "जन्मभर वरखाली केलंस, आता खालवर कर!" मग एके दिवशी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला. त्यानंतर आत्या हसली नाही.

सर्जननं सांगितलं होतं, डोक्याचं नीट चित्र मिळाल्याशिवाय मी हात लावणार नाही. आठ दिवसांपूर्वी तो प्रयत्न फसला होता. मी इथेच एमआरआय काढते, पण त्या दिवशी माझी सुट्टी होती. बाबा यंत्राच्या बोगद्यात दोन मिनिटं राहिले आणि ओरडत बाहेर आले. भूल देऊन करावं, तर त्यांच्या हृदयाला ती झेपणारी नाही. म्हणजे आजचा दिवस. पंचवीस मिनिटं, शुद्धीवर, न हलता. सर्जन येत्या सोमवारपासून महिनाभर नसणार होते.

लिफ्टमध्ये आयुष्य काढलेला माणूस बंद जागेला घाबरतो कसा, हे मला कळत नव्हतं.

मी किल्ली काचेअलीकडच्या मेजावर ठेवली आणि त्यांना यंत्राच्या खोलीत जायच्या आधी वाट बघायच्या खुर्चीवर बसवलं. आधीचा पेशंट बाहेर यायला वेळ होता.

"हे चालू आहे?" त्यांनी काचेपलीकडे बघत विचारलं.

"चुंबक कायम चालू असतं, बाबा. रात्री, सुट्टीच्या दिवशी, वीज गेली तरी."

"वीज गेली तरी कसं?"

हा प्रश्न मला आवडतो. हे काम शिकण्याआधी मी भौतिकशास्त्र शिकले. दोन वर्षं एका प्रयोगशाळेत अतिवाहक धातूंवर प्रकाश टाकून कुठला प्रकाश शोषला जातो आणि कुठला परत येतो, ते मोजत होते. हे धातू पुरेसे थंड केले की विजेला त्यांच्यात अडथळा उरत नाही. या यंत्राच्या पोटातही तसल्याच तारेचं वेटोळं आहे, द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेलं. सात वर्षांपूर्वी त्यात एकदा प्रवाह सोडला, तोच अजून फिरतोय. मी बाबांना हे सांगितलं.

"कुणी ढकलत नाही?"

"नाही."

"आणि पोचत कुठे नाही?"

"नाही. गोल गोल."

"बिचारा," बाबा म्हणाले.

मला हसू आलं. "आणखी एक गंमत आहे. एका ठरावीक मापापेक्षा लहान धक्का हा धातू घेतच नाही. त्याहून कमी ताकदीचा प्रकाश टाकला की आला तसा परत जातो."

"म्हणजे आमचे मोठे साहेब. खालच्या मजल्यावरचा अर्ज त्यांच्यापर्यंत पोचायचाच नाही." ते थांबले. "तू ते मोजायचं काम सोडायला नको होतंस."

"तात्पुरतंच आलेय इथे."

"चार वर्षं झाली," आत्या म्हणाली. आत्याला गप्प बसायचं कधी हे कळत नाही, किंवा फार चांगलं कळतं.

बाबांना आडवं केलं. कानात बोळे घातले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना गाद्या ठोसल्या आणि चेहऱ्यावर चित्र टिपणारी जाळीदार कॉईल बसवली. आम्ही तिला पिंजरा म्हणतो.

"हा तर जाळीचा दरवाजा झाला," बाबा आतून म्हणाले.

"जुन्या लिफ्टचा?"

"हो. पण तो मी लावायचो."

मी त्यांच्या डाव्या हातात रबरी फुगा दिला. काही वाटलं तर दाबायचा. उजव्या हाताचा भरवसा राहिला नव्हता. मग जे मी दिवसातून वीस वेळा म्हणते ते म्हणाले, "घाबरू नका, हलू नका, डोळे मिटून पडून राहा." टेबल आत सरकवलं, दार लावलं आणि काचेअलीकडे येऊन बसले, मेजावरच्या किल्लीशी चाळा करत. तिथे आमचे वरिष्ठ होते. त्यांना आम्ही माघारी हेडमास्तर म्हणतो, कारण ते कुणाचीही पाटी तपासल्याशिवाय सोडत नाहीत.

यंत्र ठोकायला लागलं. चाळीसाव्या सेकंदाला घंटा वाजली.

फुगा दाबला होता. मी स्कॅन थांबवला आणि दाराकडे धावले. मूठ अजून मिटलेली आहे याची मला कल्पना नव्हती.

"थांब!" हेडमास्तरांनी माझं कोपर धरलं, एवढं घट्ट की नंतर वळ उठला. "हातात काय आहे?"

मी मूठ उघडली. किल्ली.

चुंबकानं ती माझ्या हातातून काढून घेतली असती, आणि बोगद्याच्या मधोमध बाबांचं डोकं होतं. हेडमास्तर मला रागावतील असं वाटलं. ते रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. त्यांनी नुसता प्लास्टिकचा ट्रे पुढे केला. मी किल्ली त्यात ठेवली.

मी आत गेले. टेबल बाहेर काढलं. बाबांच्या कपाळावर घाम होता.

"मला जमणार नाही," ते म्हणाले.

"बाबा, घाबरू नका ना. काही होत नाही, मी आहे बाहेर."

"हेच." त्यांनी डावा हात उचलला. "हेच बोलायचं नसतं. घाबरू नका म्हटलं की माणूस घाबरतो. एवढी शिकलीस तू."

"मग काय बोलायचं?"

"मजला सांगायचा." त्यांचा श्वास लागला होता, ते थांबून थांबून बोलत होते. "अडकलेल्याला कळत नाही कुठे आहोत. त्याला सांगायचं, तुम्ही तीन आणि चारच्या मध्ये आहात. दहा मिनिटं लागतील. मग माणूस दहा मिनिटं काढतो. एका बाईनं दीड तास काढला माझ्या भरवशावर. लिफ्टमध्ये दांडी माझ्या हातात असायची, मला मजला कळायचा. इथे काय कळतं?"

"सांगेन."

"आणि खोटा मजला सांगायचा नाही. दहा लागणार असतील तर पाच म्हणायचं नाही. एकदा खोटं निघालं की मग माणूस दारावर डोकं आपटतो."

मी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. "पाच मजले आहेत, बाबा. पहिला दोन मिनिटांचा. आवाज ठकठक. दुसरा पाच मिनिटांचा, तो सगळ्यांत मोठा. प्रत्येक मजल्यावर थांबून मी बोलेन."

"कोणता मजला कुठला आवाज, ते पण सांग."

"सांगेन."

"लाव दरवाजा," ते म्हणाले.

पहिला मजला झाला. पडद्यावर चित्र आलं, काठ स्वच्छ, जराही हललं नव्हतं. हेडमास्तर पुटपुटले, "वा." मी माईकचं बटण दाबलं. "पहिला झाला, बाबा. आता दुसरा. पाच मिनिटं. घरघर आवाज, जुनी मोटर लागते तसा." आतून "हं" आलं.

दुसऱ्या मजल्याची चित्रं एकेक करून उतरायला लागली. मेंदूच्या मधोमध एक रेघ असते. रोज वीस डोकी बघते मी, ती सरळ असते. पडद्यावर डावं उजवीकडे दिसतं, हे नवख्याला गोंधळात टाकतं, मला नाही. बाबांच्या डाव्या बाजूला, जिथून शब्द येतात आणि उजवा हात हलतो, तिथे लिंबाएवढं काहीतरी बसलं होतं. भोवती पांढरी सूज होती. मधली रेघ त्यानं ढकलली होती.

मी अजून चित्रं आहेत का ते बघत राहिले. होती. प्रत्येकात ते होतं.

घरघर थांबली. आता मला बोलायचं होतं.

"मी बोलू का?" हेडमास्तरांनी हळूच विचारलं आणि माईककडे हात नेला.

मी नकारार्थी मान हलवली. आवाज बदलला असता तर बाबांना कळलं असतं की दाराबाहेरचा माणूस बदलला.

मी पाण्याचा एक घोट घेतला, बटण दाबलं. "दुसरा झाला. तिसरा, चार मिनिटं. टकटक, मग थोडं शांत, मग पुन्हा टकटक."

"हं."

चौथा. पाचवा. पंचवीस मिनिटांच्या जागी एकवीस लागली. मी त्यांना तेही सांगितलं.

टेबल बाहेर आलं. पिंजरा काढल्यावर ते डोळे मिचकावत बसले, केस एका बाजूला चिकटलेले. "नाही हललो," ते म्हणाले.

"अजिबात नाही."

"काय दिसलं?"

याचं उत्तर आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. कुणीही, कितीही वेळा विचारलं तरी तेच द्यायचं. "रिपोर्ट डॉक्टरबाई देतील, बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. चौतीस वर्षं त्यांनी दाराच्या फटीतून चेहरे वाचले होते. मी खाली वाकून त्यांच्या पायात चपला सरकवल्या, उजवीत उजवा, डावीत डावा, गरजेपेक्षा जास्त वेळ लावून.

"दोन मजल्यांच्या मध्ये?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. जमिनीकडे बघतच म्हणाले.

"किती वेळ लागेल?"

"ते मला माहीत नाही, बाबा. खरंच माहीत नाही."

"बरं केलंस," ते म्हणाले. "पाच नाही म्हणालीस."

कपडे बदलून ते आणि आत्या लिफ्टकडे निघाले. आमचा विभाग तळघरात आहे, चुंबकाचं वजन वरच्या मजल्यांना पेलत नाही म्हणून. मी ट्रेमधली किल्ली घेऊन मागे धावले. हॉस्पिटलच्या लिफ्टला चालवणारा नाही, ज्यानं त्यानं बटण दाबायचं. आत सहा-सात माणसं शिरली होती. बाबा शेवटी शिरले, आणि शिरताच पाठ भिंतीला लावून बटणांच्या फळीशेजारी उभे राहिले.

"चौथा," फोनवर बोलणारा एक माणूस त्यांच्याकडे न बघता म्हणाला.

बाबांनी डाव्या हातानं चारचं बटण दाबलं. "तुम्हाला?" त्यांनी एका म्हातारीला विचारलं. "तुम्हाला? दरवाजापासून जरा मागे व्हा."

मी किल्ली पुढे केली.

"ठेव तुझ्याकडे," ते म्हणाले. "कुणी अडकलं तर लागेल." मग त्यांनी दरवाजा रोखलेला हात काढला. "चल, आम्ही खाली जातो."

तळघराच्या खाली या इमारतीत काही नाही. आत्यानं माझ्याकडे बघितलं. मग तिनं बाबांची उजवी बाही हलकेच धरली. "हो, चल," ती म्हणाली. "खाली जाऊ."

दरवाजा मिटला. वरचा तांबडा आकडा बदलत गेला. एक, दोन, तीन. चारवर थोडा वेळ थांबला.

परत आले तेव्हा पुढची बाई निळ्या कपड्यांत बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हेडमास्तरांनी ट्रे पुढे केला. मी किल्ली त्यात ठेवली.

"घाबरण्यासारखं नाही ना हो काही?" बाईनं विचारलं.

"सात मजले आहेत," मी म्हणाले. "पहिला दोन मिनिटांचा."