देवरावांची तपासणी

मेघाने बदल सर्व्हरकडे पाठवला आणि लगेच फोन उचलला. बिल्ड, म्हणजे नव्या पानाची आपोआप होणारी जुळणी आणि तपासणी, पूर्ण होईपर्यंत थांबायची सवय तिला अजून लागली नव्हती.

“मॅम, आता फोन कोणाले करून राहिल्या?” शेजारच्या खुर्चीतून मोनालीने विचारलं. “चाचण्या आपोआप होतात ना. कितीतरी मोबाइलवर.”

“आजचा शेवटचा. उद्यापासून तपासायची गरज नाही, हेच सांगायचंय देवरावकाकांना.”

नरखेडकडच्या बागायतदारांसाठी संत्र्या-मोसंबीच्या भावाची ही साइट मेघा आणि संघपालने महाल भागातल्या या खोलीत उभी केली, तेव्हा सगळं जावास्क्रिप्ट एकाच फाइलमध्ये होतं. फाइल सरळ सर्व्हरवर चढवायची आणि पान नीट दिसतं का ते विचारायला त्या बागायतदारांपैकी देवरावांना फोन लावायचा, एवढीच पद्धत. देवराव बागेतली मोटर बंद करून मोबाइल डोळ्यांशी धरत. एकदा मोसंबीचा भाव चुकून संत्र्याच्या नावाखाली पडला होता, तो त्यांनीच पकडला. “लुटता का गा आमाले?” असं संघपालला म्हणून स्वतःच हसत सुटले होते.

संघपाल आता पुण्यात होता. त्या फाइलच्या जागी मोनालीने नीट मांडलेले छोटे छोटे भाग आले होते. चूक सापडली तर बिल्ड आपोआपच थांबायचं.

“काका, नवीन पान टाकलं. दिसते का?”

पलीकडे मोटरचा आवाज बंद झाला.

“दिसून राहिलं नं वं. एकदम चकाचक! अक्षरं मोठी केली, हे मस्त केलं.”

मोनालीने मेघाच्या कोपराला हात लावून स्क्रीन तिच्याकडे वळवली. लाल ओळ. एका चाचणीपाशी बिल्ड थांबलं होतं. नवीन पान साइटवर गेलंच नव्हतं. आणि अक्षरं तर नव्या पानातही पूर्वीएवढीच होती.

“संत्र्याचा भाव किती दिसते, काका?”



“तू टाकला म्हणजे बराबरच असन,” देवराव म्हणाले. “संघपालचं कसं काय? फोन नाही करत आता थो.”

“कामात असते, काका.”

“हौ. तुयाच फोन येते.” मग जरा घाईने, “उद्या काही टाकून राहिली का?”

उद्यापासून तपासायची गरज नाही, हे वाक्य मेघाने सकाळपासून जुळवून ठेवलं होतं.

“टाकून राहिली ना,” ती म्हणाली. “सकाळीच करते फोन.”

तिने फोन खाली ठेवला.

“मॅम, उद्या तर काहीच नाही आपलं.”

“आहे,” मेघा म्हणाली. “अक्षरं मोठी कर.”