बाटली नंबर सात

मोजपट्टी शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला नापास झाली. असो. ते झालंच नाही असं धरून चालू. तिच्या उपयोजित विज्ञान महाविद्यालयातही बरंच काही असंच धरून चालत असत.

परीक्षा होती अज्ञात पदार्थ ओळखण्याची. अज्ञात म्हणजे बाटली नंबर सात, आणि तिच्यात बेंझोइक ॲसिड असतं हे कँटीनच्या मांजरालाही ठाऊक होतं. ते १२२ अंशांना वितळतं. वहीत मात्र १२१.८ लिहायचं, नेमकं १२२ लिहिलं की संशय येतो. बाकीच्या एकोणतीस जणांनी बर्नर न पेटवताच १२१.८ मिळवले आणि ते चहाला गेले.

मोजपट्टीला मोजल्याशिवाय चैन पडत नसे, नाव काही उगाच पडलं नव्हतं. तिने बारीक काचनळीत चिमूटभर पदार्थ भरला, नळी थर्मामीटरला बांधली, तेल तापवलं. १२२ आले, गेले. पदार्थ ढिम्म. १८०च्या पुढे तो तपकिरी पडला. आणखी एक चिमूट परीक्षानळीत तापवली, तर खोलीभर पाक करपल्याचा वास सुटला.

प्रयोगशाळेचे मामा एकदम खिडकीबाहेर बघू लागले.

"मामा, ही साखर आहे?"

"हळू बोल, बाई! चार वर्षं मागणीपत्र टाकतोय, ॲसिड येतंय कुठे? शेवटी घरचा डबा ओतला. पोरं दरवर्षी बरोबर ओळखतायत, मग मी कशाला तोंड उघडू?"

तिने उत्तरपत्रिकेत लिहिलं : साखर.

सरांनी ते दोनदा वाचलं. "खोड आणि ॲसिड लिही. पाणी तपासणी केंद्रातली नोकरी या निकालावर अडलीय ना तुझी? कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"सर, चाखून बघा."

"प्रयोगशाळेत काही चाखायचं नसतं!"

"मग तापवून बघा."

"तेवढा वेळ नाही."

"सर, उद्या तिथे पाण्यात जंतू निघाले, तर मागच्या वर्षीची वही बघून पाणी चांगलंय असं लिहू?"

"आगाऊपणा पुरे. शेवटचं सांगतो, खोड."

मोजपट्टीने पेनाला टोपण लावलं.

मग जे झालंच नाही, ते फलकावर लागलं. आई फोनवर ओरडली, "अगं, एक शब्द लिहायला तुझ्या बापाचं काय जात होतं?" मोजपट्टी म्हणाली, "एक शब्द लिहिला की," आणि फोन ठेवून अर्ज लिहायला बसली :

"मा. प्राचार्य यांस, फेरपरीक्षेबाबत आपले पत्र मिळाले. मी आधीच बरोबर असल्यामुळे मला तिची गरज नाही. तथापि सदर पदार्थास एक संधी देण्यात यावी. त्याने आपल्या समक्ष १२२ अंशांना वितळून दाखवल्यास मी माझे उत्तर मागे घेईन. न वितळल्यास त्याच्याऐवजी महाविद्यालयास नापास करण्यात यावे, ही नम्र विनंती."