माझ्या पोटातला रानचहा

मित्रांनो, माझ्या तोटीला पत्र्याचं टोक बसवलंय म्हणून हसू नका. ताश्कंदमध्ये निम्म्या जुन्या किटल्या अशाच पत्र्याच्या नाकाने वावरतात. माझं नाक माझ्या मालकिणीच्या, सनोबरच्या लग्नात पाहुण्यांच्या गर्दीत फुटलं.

माझा जन्म भट्टीतला. चिनी मातीच्या निळ्या अंगावर पांढरी कापसाची बोंडं रंगवून मला बाजारात मांडलं होतं. सनोबरकडे आल्यावर माझ्या जन्माचं सोनं झालं. चहा झाला की पहिला पेला पुन्हा माझ्यातच ओतायचा, असं तीनदा. मग पाहुण्याला अर्धाच पेला द्यायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाढता येतो. म्हातारी माणसं माझ्या चहाची तारीफ करत आणि मी फुगून जाई.

पुढे सनोबरच्या लेकीचं, ओयदिनचं रक्त बिघडलं. तिच्या थोरल्या भावाच्या, जासूरच्या हाडांतला मगज तिला दिला. घरी पाठवताना डॉक्टर फेरुझा म्हणाल्या, "मावशी, जासूरच्या पेशी तिच्या अंगात नवख्या आहेत. त्या तिलाच परकी समजून तिच्यावर उठू शकतात. त्यांना आवरायला ही गोळी. एकही चुकवायची नाही."

सनोबरने एकही चुकवली नाही. गोळ्यांचा डबा माझ्या शेजारीच असे, मी साक्षीला आहे.

तरी ओयदिनच्या तळहातांवर लाल चट्टे उठले. पोट बिघडलं. रक्त तपासलं तर त्यात गोळीचा अंश जेमतेम सापडला.

"दुसरं काही औषध देता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे, तुमच्याच गोळ्या," सनोबर म्हणाली, आणि घरी येऊन तिने मुलीला फैलावर घेतलं.

"थुंकतेस ना गोळ्या? खरं सांग."

"आई, तुझ्या डोळ्यांदेखत तर गिळते."

"मग जातात कुठे त्या?"

ओयदिन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या खेपेला सनोबरने ओयदिनबरोबर मलाही, गोधडीच्या टोपीत गुंडाळून, दवाखान्यात नेलं. डॉक्टर एरवी चहाला नाही म्हणत. त्या दिवशी रक्ताचा अहवाल आणखी वाईट आला होता. त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"आज नाही म्हणू नका. तोंड बघा किती सुकलंय," सनोबर म्हणाली. तिने तीनदा ओतून अर्धा पेला पुढे केला.

डॉक्टरांनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"मावशी, हा कडवट कशाने लागतो?"

"दलाचोय आहे. रानातली पिवळी फुलं. सासूबाई डोंगरावरून पाठवतात, अंगात ताकद यावी म्हणून."

"ओयदिनला पण देता?"

"घरी आल्यापासून रोज."

"मी विचारलं होतं ना, दुसरं औषध देता का म्हणून?"

"औषध कुठंय हे? चहा तर आहे."

डॉक्टरांनी पेला दूर सारला. मग हळू म्हणाल्या, "हा चहा ती गोळी अंगात टिकूच देत नाही, मावशी. तुम्ही गोळी देत होता आणि हा तिला पळवून लावत होता."

मित्रांनो, पोटात कढत चहा असून मी गारठले. इतकी वर्षं माझ्या चहाचं कौतुक ऐकलं, आता हा रानचहा पोरीच्या जिवावर उठला होता, आणि ओतला होता माझ्या तोटीतून. सनोबरचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मला आपटायला उचललं.

"तिला कशाला फोडतेस?" ओयदिन म्हणाली. "मला थुंकते म्हणालीस, त्याचं काय?"

सनोबरने मला खाली ठेवलं आणि लेकीचे लाल तळहात डोळ्यांना लावले. "चुकलं गं माझं," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली.

डॉक्टरांनी जोरकस औषधं सुरू केली. कितीतरी दिवस काही खरं नव्हतं. ओयदिन वाचली, पण तळहात खरखरीत राहिले. मी कपाटावर धूळ खात पडले. सनोबर माझ्याकडे बघतही नसे.

मग एकदा तिने मला घासलं आणि लेकीबरोबर पुन्हा दवाखान्यात नेलं. साध्या हिरव्या चहाची पुडी डॉक्टरांपुढे सोडून ती म्हणाली, "आधी पान न् पान बघून घ्या. हा चालेल म्हणालात तरच उकळते."

डॉक्टरांनी वास घेऊन मान हलवली. सनोबरने तीनदा ओतलं, पण लेकीला पेला देताना तिचा हात थांबला. तेव्हा डॉक्टरांनी तो पेला घेऊन पहिला घोट स्वतः घेतला.

मित्रांनो, घरात कुणी आजारी असेल आणि डॉक्टरांनी विचारलं, आणखी काय घेता, तर काढा, चहा, आजीची पुडी, सगळं सांगा. मला सगळं ठाऊक होतं, पण किटलीला कुणी विचारत नाही. तुम्हाला विचारतील.