मोजा म्हणजे वहाण का?

मित्रांनो, मी एक जुना मोजा आहे. डाव्या पायाचा. तसा आम्हा मोज्यांत डावा-उजवा भेद नसतो, पण अंगठ्यानं एकदा भोक पाडलं की ज्याची त्याला बाजू मिळते. ‘पायातली वहाण पायातच बरी’ असं माणसं म्हणतात. माझ्यावर मात्र कुणी साधी म्हणही केली नाही.

लोहाऱ्याच्या बाजारातून मला अमरनाथनं माकणीला, त्याच्या गावी, आणलं. तो नोकरदार माणूस, रोज बूट घालायचा. त्यामुळे माझी उमेदीची वर्षं बुटाच्या अंधारात गेली. बाहेर काय काय चाललेलं असायचं! एस.टी.चा खडखडाट यायचा, शेळ्यांचं बें-बें यायचं. ही एस.टी. दिसते तरी कशी, याचा मी दिवसभर विचार करायचो. संध्याकाळी अमरनाथ मला काढून कोपऱ्यात भिरकावायचा आणि नाक दाबून म्हणायचा, “काय वास मारतंय हे मोजं!” वास पायाचा आणि बोल मला. थंडीत एकदाच तो म्हणाला होता, “लई ऊबदार हाय.” ते मी अजून विसरलेलो नाही.

पुढं टाच विरली आणि आमची जोडी गाडी पुसायच्या चिंध्यांत गेली. तिथून आम्हाला सृष्टीनं, म्हणजे अमरनाथच्या मुलीनं, उचललं. तिनं आम्हाला धुतलं, भोक रफू केलं आणि तेही गाठ न मारता, कारण गाठ टाचेला खडा होऊन टोचते. मग आम्ही तिच्या पिशवीत खोबरेल तेलाच्या बाटलीशेजारी बसलो. कुठं निघालोय, ते कुणी सांगितलं नव्हतं.

हळूहळू कळलं. गेल्या वर्षी सृष्टीला ताप आला होता, अंगातलं त्राणच गेलं होतं. तेव्हा तिच्या आजीनं, म्हणजे अमरनाथच्या आईनं, धुरपताबाईंनी, तुळजापूरच्या आईला नवस बोलला होता: पोरगी उठली की कोजागिरीला अनवाणी चालत येईन. पोरगी उठली. आता दोघी निघाल्या होत्या, नात बुटात आणि आजी अनवाणी.

नळदुर्ग मागं पडलं आणि डांबर तापलं. आजीच्या टाचेला फोड आला, फुटला. ती लंगडायला लागली. सृष्टीनं तिला लिंबाखाली बसवलं. “आजी, आता एस.टी.नं जाऊ. माझ्यासाठी पाय फोडून घेऊ नको.”

“एस.टी.नं गेल्यावर नवस कसला गं? आईला सबूद दिलाय म्या. मोडला आन् तुला परत काय झालं तर?”

सृष्टीनं मला बाहेर काढलं. “मग हे तरी घाल.”

“वहाणच की ती! कापडाची हाय म्हणून काय झालं?”

मी चपापलो. जन्म बुटात काढलेला मी. खरंच, मी कोण? वहाण, की कापड?

तिथं शेजारी आळंदकडून दरसाल चालत येणाऱ्या सिद्धम्मा पाय उंचावर टेकवून पडल्या होत्या. पायांत मोजे होते, पण उलटे. आजीला दुखण्यातही हसू आलं. “बाई, मोजं उलटं घातलाव.”

“अव्वा, हेच सुलटं. शिवण आत ऱ्हायली की बोटं सोलतेत.”

“पर नवस मोडत न्हाय का?”

सिद्धम्मा म्हणाल्या, “वहाण देवळाभाईर काढतेत. मोजं काढायला लावलं तर वहाण, न्हाय तर कापड. आईच्या दारात कळंल.”

“आन् काढायला लावलं तर?”

“तर फुडल्या साली परत चाल.”

आजीनं तुळजापूरच्या दिशेनं हात जोडले. मग तिनं पाय पुढं केला. सृष्टीनं फोड पुसला, स्वच्छ फडकं बांधलं, बोटांना तेल चोळलं आणि मला उलटा करून चढवलं. मित्रांनो, माझी आतली बाजू पहिल्यांदाच बाहेर आली! मी एस.टी. पाहिली. आवाजाच्या मानानं बिचारी फारच साधी निघाली. रस्त्याकडेला वाळत घातलेलं सोयाबीन पाहिलं. मी घामानं भिजलो की सृष्टी आजीला पिशवीतली स्वतःची दुसरी जोडी चढवायची आणि मला पिशवीला बांधून वाळवायची. तेव्हा तर मला मागचाही रस्ता दिसायचा. पण मनात एकच प्रश्न होता. मी वहाण निघालो, तर आजीचा नवस माझ्यामुळं मोडणार होता.

तुळजापूर आलं. मंदिराजवळ चपला ठेवायच्या जागी अंबादास नावाचे गृहस्थ बसले होते. सृष्टीनं बूट दिले, टोकन घेतलं. आजी तिथंच थांबली. तिनं माझ्यात बोटं घट्ट आवळून धरली.

“मावशी, वहाणा द्या,” अंबादास मान खाली घालूनच म्हणाले. मग त्यांची नजर आजीच्या पायांवर, म्हणजे थेट माझ्यावर आली. मी श्वास रोखला.

“अनवाणी आलाव की! मग हितं कशाला उभारलाव? जावा आत.”

आजीनं सृष्टीचे गाल दोन्ही हातांत धरले आणि भर गर्दीत ती रडली. बूट बाहेर राहिले. मी आत गेलो.

मित्रांनो, लांबच्या वाटेला निघताना कोरा मोजा घालू नका, आधी चार वेळा धुऊन मऊ करा. ओला पायात ठेवू नका. आणि विरला म्हणून लगेच चिंध्यांत टाकू नका. घरी परतल्यावर मी रात्रभर दोरीवर वाळलो. सकाळी अमरनाथनं मला हातात घेतलं, मी सवयीनं नाक दाबण्याची वाट पाहिली. त्यानं माझी घडी घातली आणि मला आपल्या आईच्या लुगड्यांच्या घडीत ठेवायला सृष्टीला सांगितलं.