जाबईबापू

बायकोच्या माहेरच्या माणसांचा प्राध्यापकांना मनापासून तिटकारा होता, आणि त्याच माणसांच्या जिवावर ते विभागप्रमुख व्हायला निघाले होते. त्यांच्या बायकोला हे पक्कं ठाऊक होतं. इतक्या वर्षांच्या संसारातून नवऱ्याबद्दल तिच्याकडे काही उरलं असेल तर ती चीडच उरली होती.

त्यांचा सिद्धांत असा, की सासऱ्यांच्या वस्तीतल्या लोकांना मऊ व्यंजनं झेपतच नाहीत. 'व'चा 'ब' होतो, 'य'चा 'ज' होतो. वाऱ्याला ते बारा म्हणतात आणि यंदाला जंदा. "यात्रेची जत्रा झाली, वनाचं बन झालं, तशातलाच हा प्रकार," ते वर्गात सांगायचे. "फक्त तिथे शतकं लागली, इथे राकट ओठ पुरले." विद्यार्थी हसायचे. घरी बायकोचा एखादा उच्चार चुकला की तेच हसू तिच्याही वाट्याला यायचं.

पुरावा म्हणजे तिचे वडील. जन्मभर यंत्रमागावर राबलेला साधा माणूस. प्राध्यापक दर सुट्टीत त्यांच्यासमोर ठाण मांडायचे, कानांवर भलेमोठे हेडफोन चढवायचे, मान पुढे काढायचे आणि हात हलवत म्हणायचे, "परत. परत एकदा." सासरे न कंटाळता परत सांगायचे. मग गल्लीतले त्यांचे मागावरचे जुने सोबतीही पकडून आणले. तेही हुबेहूब तसंच बोलले, आणि प्राध्यापकांना आभाळ ठेंगणं झालं.

आता निवड समितीतल्या एक बाई हा चमत्कार स्वतःच्या कानांनी ऐकायला घरी येणार होत्या. बाईंची मान डोलली की खुर्ची पक्की.

"बाबा माझ्याशी असं बोलत नाहीत," बायको सकाळी म्हणाली. हे ती पूर्वीही सांगून चुकली होती.

"तू नुसतं ऐकतेस. मी कान देऊन ऐकतो. फरक आहे," ते आरशात भांग पाडत म्हणाले. "आणि त्यांना तो नवा सदरा घालू नकोस. जुनाच राहू दे. नमुना कसा अस्सल वाटला पाहिजे."

तिने मुद्दाम नव्या सदऱ्याला इस्त्री केली. नमुना हा शब्द तिच्या डोक्यात गेला होता. खुर्ची मिळो, न मिळो, आपल्या बापाला असं कुणापुढे मांडून बसवू नये, एवढंच तिला हवं होतं. पण थांबवणार कसं? बाप तर जावयाच्या उपयोगी पडतोय म्हणून हौसेने आला होता.

बाई आल्या आणि सरळ म्हाताऱ्याशेजारच्या स्टुलावर टेकल्या. प्राध्यापकांनी समोरची खुर्ची घेतली, हेडफोन चढवले, आणि खिडकीकडे बोट दाखवून बोबड्या पोराला विचारावं तसं विचारलं, "आत काय येतंय?"

"बारा, जाबईबापू," म्हातारा ओठ घट्ट मिटत, एकेक अक्षर दाबून म्हणाला.

"परत."

"बारा."

प्राध्यापकांनी बाईंकडे असं पाहिलं की जणू वारा त्यांनीच सोडला होता. मग ते खाली वाकून रेकॉर्डरची बटणं फिरवू लागले.

"काका, खिडकी लावू का?" बाईंनी हळूच विचारलं.

"असू द्या," म्हातारा तितक्याच हळू म्हणाला. "छान वारा येतोय."

बाईंनी चष्मा काढला. "यांच्याशी तुम्ही वेगळं बोलता, काका."

म्हातारा अवघडला. त्याने आधी मुलीकडे पाहिलं, मग बाईंकडे झुकला. "तुम्हाला ऐकू येतं ना. त्यांचे कान अधू आहेत. बघता ना, कानाला यंत्र लावूनही परत परत विचारतात. मागावर आमच्यातले पुष्कळ जण बहिरे झाले. त्यांच्याशी असंच बोलायचो, ओठ मिटून, दाबून. म्हणजे बघून तरी कळतं. गल्लीतही सगळ्यांना सांगून ठेवलंय, जावई कमी ऐकतात, सांभाळून बोला. हिच्यापाशी मात्र कधी विषय काढला नाही. पोरीच्या मनाला लागलं असतं."

मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आधी तिच्या पोटातून हसू उसळलं, आणि ते ओठांपर्यंत येईतो डोळे भरून आले. नवऱ्याचं बहिरेपण हे तिचं दुःख असणार असं समजून बापाने इतकी वर्षं तो विषय टाळला होता. अख्खी गल्ली या माणसाला जपत होती, आणि हा त्या जपण्याला राकट ओठ म्हणत होता. त्याला बहिरा समजण्यात बापाचं काही चुकलं होतं असं तिला मुळीच वाटलं नाही.

"काय म्हणाले?" प्राध्यापकांनी मान वर केली. हेडफोन कानांवरच होते. "काय म्हणाले ते? परत सांगा."

बाईंनी चष्मा डब्यात घातला आणि डबा पर्समध्ये टाकला.

म्हातारा जावयाकडे वळला, पुढे सरकला, आणि तोंड नीट दिसेल असं धरून म्हणाला, "काही नाही, जाबईबापू. बारा छान आहे, म्हटलं."

"ऐकलंत?" प्राध्यापक बाईंना म्हणाले. बाई जमिनीकडे पाहत होत्या. तेव्हा ते बायकोवर खेकसले, "बघत काय उभी राहिलीस? चहाचं काय?"

ती त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. बापासारखे ओठ घट्ट मिटत, सावकाश, त्यांना दिसेल असं म्हणाली, "ठेबते हं."