सुई हिरव्यावर आहे

मित्रांनो, मी एक जुना लाल सिलिंडर आहे. आग विझवायला भिंतीवर टांगतात, त्यातला. तुम्ही मला शाळेत, दवाखान्यात किंवा थिएटरात पाहिले असेल आणि लगेच विसरलाही असाल. त्याचे मला वाईट वाटत नाही. माझ्याकडे कोणाला बघावे लागू नये, यासाठीच मला टांगलेले असते. पण सांगायला लाज वाटते अशी एक गोष्ट आज सांगतो. मला आगीची भीती वाटते.

हसू नका. मी जन्मापासून भित्रा नव्हतो.

कारखान्यात पत्रा वळवून माझे अंग केले. पोटात पाणी भरून इतका दाब दिला, की मला वाटले, आता फुटलो. फुटलो नाही. मग मला वाळवले, लाल रंग दिला आणि पोटात सहा किलो पावडर भरली. आग विझते ती त्या पावडरीने. बाकी मी म्हणजे नुसता डबा. शेवटी एका कामगाराने माझ्या खांद्यावर ठोकून दोन आकडे उमटवले. रिकामा चार किलो, भरलेला दहा किलो. रंग उडाला तरी हे आकडे जात नाहीत. माझ्या मानेवर एक छोटी तबकडीही बसवली. तिच्यातली सुई हिरव्या पट्ट्यात असली, की आत दाब आहे असे समजायचे.

मला एका मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवले. तिथे आम्ही बेचाळीस सिलिंडर होतो. मी तिसऱ्या मजल्यावर होतो, बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर, लिफ्टच्या शेजारी. त्या वॉर्डात एक आया होती. सगळे तिला मावशी म्हणत. तिचे यजमान तीच लिफ्ट चालवायचे, त्यांना सगळे काका म्हणत. मावशी बुटकी आणि मोठ्या आवाजाची. काका उंच आणि घाबरट. लिफ्ट जरा करकरली तरी त्यांचा चेहरा उतरायचा.

मावशीच्या हातात एक गंमत होती. बाळ उचलले, की ती वजन सांगायची. "दोन किलो नऊशे!" मग सिस्टर बाळाला काट्यावर ठेवायच्या. फार तर पन्नास-शंभर ग्रॅम इकडेतिकडे.

दुसऱ्याच वर्षी माझ्यावर काम पडले. दूध गरम करायच्या खोलीत शेगडीवर टॉवेल पडला आणि भडका उडाला. सगळे मागे सरले. मावशीने मला खाली ओढले, पिन उपटली आणि दांडी दाबली. दहा-बारा सेकंदांत आग बसली. खोलीभर पांढरे झाले.

काका धावत आले. तिच्याकडे बघून म्हणाले, "अगं, गिरणीत पडलीस की काय?"

"तुम्ही कुठं होतात?"

"लिफ्ट सोडून कसा येणार?"

"लिफ्टला काय पाय फुटले असते?" असे म्हणून ती हसायला लागली. 

मित्रांनो, त्या दिवसासारखा दिवस माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही. लोक माझ्या अंगावर थाप मारून जात. मला पुन्हा भरून आणले. नंतर काही वर्षे मी सुखाने भिंतीवर होतो.

मग दवाखान्यात नवीन साहेब आले आणि त्यांच्या मागोमाग नवीन ठेकेदार आला. पावडर जुनी झाली, बदलायला हवी, असा कागद निघाला. आम्हा बेचाळीस जणांना टेम्पोत घालून ठेकेदाराच्या गोडाऊनवर नेले. तिथे एका म्हाताऱ्या कामगाराने आमची डोकी उघडली, पावडर पोत्यांत ओतली आणि नवी पावडर कुठे आहे, म्हणून इकडेतिकडे पाहू लागला.

ठेकेदार म्हणाला, "नुसती हवा भर. सुई हिरव्यावर आली की बस."

"आणि आग लागली तर?"

"बाबा, किती वर्षं झाली इथं काम करून? कधी आग पाहिलीस?"

"नाही."

"मग झालं तर."

म्हाताऱ्याने माझ्या पोटात हवा भरली. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझी सुई हळूहळू सरकली आणि हिरव्यावर थांबली. ठेकेदार फोनवर बोलत होता, "साहेब, काम झालंय. तुम्ही सही करून टाका. तुमचं मी बघतो." तेव्हा मला त्या बोलण्याचा अर्थ कळला नाही.

आम्ही परत आलो. माझ्या पोटावर नवे स्टिकर लागले. तपासले, भरले, खाली तारीख आणि साहेबांची सही. मी चकचकीत दिसत होतो. त्या दिवसापासून मला भीती वाटू लागली.

चोर म्हणजे तोंडाला फडके बांधून कुलूप फोडणारा, असे मला वाटायचे. तुम्हालाही वाटत असेल. हे चोर तसे नव्हते. त्यांचे शर्ट इस्त्रीचे होते, बोलणे गोड होते. त्यांनी कुलूप फोडले नाही, कोणाला ढकलले नाही, सुरा दाखवला नाही. एकाने कागदावर "भरले" असे लिहिले आणि दुसऱ्याने खाली सही केली. दोघांच्या मध्ये फक्त माझे रिकामे पोट होते. घरातले भांडे चोरीला गेले तर संध्याकाळी कळते. माझ्या पोटातले गेले होते ते कोणाला लागणारच नव्हते, लागेल त्या एका क्षणापर्यंत. म्हणून चोरी झाली हेच कोणाला कळत नव्हते. दरवर्षी नवे स्टिकर यायचे. दरवर्षी सही व्हायची.

आणि मी ऐकत बसायचो. वॉर्डात काचेच्या पेट्या होत्या, त्यांत अशक्त बाळांना ऊब मिळावी म्हणून ठेवत. त्यांच्या वायरी तापत. एका दुपारी माझ्यासमोरच्या विजेच्या बोर्डात तडतड झाली आणि जळक्या रबराचा वास आला. माझ्या आतली हवासुद्धा गार पडली असे वाटले. एका बाळाची आजी दारात येऊन ओरडली, "अहो सिस्टर, इथं काहीतरी जळतंय!"

सिस्टर धावत आल्या. त्यांनी आधी बोर्डाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नका आजी, सिलिंडर आहे ना इथं."

मला ओरडून सांगायचे होते, की मी नाही, मी इथे नाही! पण मी सिलिंडर. वायरमनने येऊन बटण बंद केले आणि वास गेला. आजी जाताना माझ्याकडे बघून हसली. ते हसू मला अजून आठवते आणि अजून भीती वाटते.

पुढे भिंतींना रंग द्यायचे काम निघाले. रंगाऱ्याने मावशीला सांगितले, "हा लाल डबा जरा काढा." मावशीने मला दोन्ही हातांनी उचलले आणि तशीच उभी राहिली.

"अगं बाई," ती म्हणाली. "हा तर चार किलोचाच लागतोय."

पूर्वी आगीच्या वेळी तिने मला उचलले होते, आणि तिच्या हातांच्या ते वजन लक्षात होते. ती मला वॉर्डात घेऊन गेली आणि बाळांच्या काट्यात फडके टाकून तिने मला त्यावर आडवे ठेवले. काटा चारवर थांबला. तिने चष्मा लावला, माझ्या खांद्यावरचे आकडे बोटाने चाचपून वाचले आणि लिफ्टपाशी जाऊन काकांना हाक मारली.

काकांनी ऐकून घेतले. आधी त्यांनी जिन्याकडे बघितले, कोणी आहे का.

"ठेव ते जागेवर," ते हळूच म्हणाले.

"अहो, रिकामा आहे हा. मग बाकीचे?"

"तुझं काम दरवर्षी कोणाच्या सहीनं पुढं चालू राहतं, आठवतंय का? माझी निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. तुला काय पडलंय?"

"आत बावीस बाळं आहेत. उद्या काही झालं तर आपण पळू. त्यांना अजून मानसुद्धा धरता येत नाही."

"गप्प बस गं. माझं ऐक."

ती गप्प बसली नाही. तिने मोठ्या सिस्टरना सांगितले, मोठ्या सिस्टरनी वर पत्र लिहिले. चार दिवसांनी साहेब आणि ठेकेदार दोघेही हसतमुखाने वर आले.

ठेकेदार म्हणाला, "मावशी, तो काटा बाळांचा. त्यावर सिलिंडर काय मोजता? बिघडला असेल."

"बिघडला असेल तर मग सगळी बाळं चुकीच्या वजनानं घरी गेली म्हणायची," मावशी म्हणाली. "बोलावू का सगळ्यांच्या आयांना?"

सिस्टर हसल्या. साहेबांचे हसू गेले. त्यांनी लगेच बाजारातून एक भरलेला सिलिंडर मागवून माझ्या जागी टांगला. "एखादा खराब निघतो," ते म्हणाले. मला लिफ्टशेजारच्या कोपऱ्यात ठेवले, उद्या नेतो म्हणून. पण मला कोणी नेलेच नाही.

"आणि बाकीचे एकेचाळीस?" मावशीने विचारले. "तेही उचलून बघूया ना."

दोघेही तोवर जिन्याकडे वळले होते. महिनाअखेरीस मावशीला सांगण्यात आले, की पुढच्या महिन्यापासून येऊ नका.

ती गेली आणि मी कोपऱ्यातून काकांना बघत राहिलो. काही महिन्यांनी काका पंधरा दिवस आले नाहीत. परत आले तेव्हा बारीक झाले होते. मावशी आजारी पडून वारली, असे सिस्टर एकमेकींना सांगत होत्या. आजार पोटाचा होता, कळायला उशीर झाला. काका कोणाशी त्याबद्दल बोलले नाहीत. पण दुपारी दोन वाजता, तिची पाळी सुटायच्या वेळी, कोणी बटण दाबले नसताना लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर यायची. दार उघडायचे. काका थोडा वेळ थांबायचे आणि दार लावून खाली जायचे.

मग तपासणीचा दिवस आला. बाहेरच्या मोठ्या कार्यालयातून एक तपासनीस आले. साहेब त्यांच्या एका बाजूला, ठेकेदार दुसऱ्या बाजूला. तपासनीस सुई बघत, स्टिकर बघत आणि वहीत खूण करत. मजल्यामागून मजला. तिसऱ्या मजल्यावर खूण करून ते लिफ्टमध्ये शिरले. काकांनी दार लावलेच नाही.

"चला," साहेब म्हणाले.

काका लिफ्टमधून बाहेर आले. त्यांनी मला उचलले. माझी दांडी खडखडत होती.

"साहेब, हा जरा धरा," ते तपासनिसांना म्हणाले. "आणि मग भिंतीवरचा तो नवा धरा."

"अहो लिफ्टमन, तुम्ही तुमचं दार बघा," साहेब म्हणाले.

"तेच बघतोय साहेब. इतकी वर्षं तेच बघितलं."

तपासनिसांनी मला एका हातात घेतले. नवा दुसऱ्या हातात घेताना त्यांचा खांदा खाली गेला.

ठेकेदार घाईने म्हणाला, "तो खराब म्हणून काढलेला आहे, सर."

"हो, काढलेला आहे," काका म्हणाले. "आता दुसऱ्या मजल्यावरचा उचला. मग पहिल्यावरचा. सुईकडं बघू नका, उचला. माझी बायको हेच सांगत होती. मी तिला गप्प बस म्हणालो." एवढे बोलून त्यांनी लिफ्टच्या दाराला धरले.

 तपासनीस जिन्याने खाली उतरले. कपडे धुवायच्या खोलीतला मोठा काटा मागवला गेला. त्यावर एकामागून एक सिलिंडर ठेवले. चार. चार. चार. एकेचाळीस वेळा चार. आणि सगळ्या सुया हिरव्यावर होत्या.

मित्रांनो, आठवडाभरात त्या दवाखान्यातले सगळे सिलिंडर खरोखर भरले. ठेकेदारावर आणि साहेबांवर खटला सुरू झाला. मी पुरावा आहे. माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधून मला कोर्टाच्या एका खोलीत ठेवले आहे. पुरावा आहे तसाच ठेवावा लागतो, म्हणून मला कोणी भरत नाही. काका दर तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून येतात. घाबरलेले असतात, पण येतात. तारीख पुढे जाते, ते घरी जातात.

त्या ठेकेदाराकडे आणखी अकरा इमारतींचे काम होते, असे मी इथे ऐकले. त्यात दोन शाळा आहेत. कोणत्या, ते मला माहीत नाही.

म्हणून माझे एवढे ऐका. तुमच्या शाळेतल्या मोठ्या माणसांना सिलिंडर उचलून बघायला सांगा. खांद्यावरचा आकडा वाचायला सांगा. ते हसले तर पुन्हा सांगा. कोणी गप्प बस म्हणाले, तर ज्याचे ऐकले जाईल अशा माणसाला सांगा. स्टिकरवर सही कोणीही करू शकतो.

आणि कोणी या खोलीकडे आलात, तर तेही बघा. इथे छतापर्यंत कागदांचे गठ्ठे आहेत. वर एक जुनी वायर लोंबते, कधीकधी तडतडते. खोलीत दुसरा सिलिंडर नाही. कारकून आत येतो, वायरीकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि निर्धास्तपणे दिवा लावतो.